समासातलं टिंब

गुरुवार, १४ नोव्हेंबर. सकाळी सव्वाआठ. जालना रोडवरच्या एका खाजगी दवाखान्याचा दुसरा मजला, कॅथलॅबबाहेरचा, म्हणजे अँजिओग्राफीच्या खोलीबाहेरचा बाक. हजर: मावशी, त्यांचा मुलगा संतोष आणि मी. संतोष वाळूजची पाळी संपवून कंपनीच्या बसनं थेट तिथंच उतरलेला, शर्टाला ऑईलचा वास. मावशींची लेक लासूर स्टेशनहून निघाली होती, पोचायची होती. माझ्या मांडीवर फाईल. रिपोर्ट तारखेप्रमाणे लावलेले, वर मी केलेली यादी. उपाशी पोट: हो. शुगरची गोळी बंद: हो. किडनीचा कालचा रिपोर्ट: हो. संमतीपत्रावर सही: नाही.

सही राहिली होती, कारण मावशी घाबरल्या होत्या. एकोणीस वर्षं त्या माझ्यासमोर काम करत होत्या आणि त्यांना घाबरलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. पेन त्यांच्या हातात होतं. त्या ते नुसतं धरून बसल्या होत्या.

आमच्या औषधांच्या प्रयोगशाळेत, जिथल्या फायली आणि वेळापत्रकं मी सांभाळते, त्यांना सगळे मार्कवाल्या मावशी म्हणत. दुसऱ्याला किती दुखतंय याचे मार्क देणं, हे त्यांचं काम होतं. अँजिओग्राफी करताना रक्तवाहिनीत एक औषध सोडतात, म्हणजे ती फोटोत उठून दिसते. दवाखान्यात त्याला डाय म्हणतात. हे औषध आत गेलं की जळजळतं. काही कमी, काही जास्त. माणसाला देण्याआधी कुठलं किती जळतं, हे आम्ही उंदरांवर बघतो. आदल्या दिवशी उंदराला गुंगी देऊन त्याच्या मागच्या पायाच्या शिरेत केसासारखी नळी बसवतात. दुसऱ्या दिवशी तो जागा असताना त्या नळीतून औषधाचा थेंबभर डोस देतात, आणि एक माणूस मिनिटभर त्याच्याकडे बघत बसतो. शांत राहिला तर शून्य. अंग शहारलं तर एक. पाय चाटला किंवा उचलला तर दोन. पाय झटक्यानं ओढून घेतला आणि चीत्कारला तर तीन. सिरिंजवर फक्त आकडा असतो, आत काय आहे ते बघणाऱ्याला सांगत नाहीत. ते बघणारं माणूस म्हणजे मावशी.

आल्या होत्या त्या पिंजरे धुवायला. शिक्षण दहावी. तेव्हा मार्क द्यायला एम.एस्सी. झालेले दोघं होते आणि त्यांचे मार्क कधी जुळत नसत. एक म्हणे दोन, दुसरा म्हणे एक. बादली घेऊन मागे उभ्या असलेल्या मावशी एकदा हळूच म्हणाल्या, "त्यानं पाय चाटला नाय. नळीची पट्टी टोचायली त्याला, पट्टी चाटतोय." व्हिडिओ पुन्हा लावून बघितला. पट्टीच होती. त्यानंतर वर्षभर त्यांना शिकवलं, परीक्षा घेतल्या, प्रमाणपत्रं दिली. त्यांच्या प्रमाणपत्रांची फाईल मीच लावली. आमच्याकडची सगळ्यात जाड फाईल तीच आहे.

अर्धा मार्क त्यांना चालत नसे. नवीन लोक दीड, अडीच असं काहीबाही लिहायला बघत. मावशी तक्ता त्यांच्याकडे परत सरकवत. "दुखणं काय किलोवर मोजायलात का? बघितलं असंल तर सांगा, नसंल बघितलं तर तसं सांगा." उंदरावर त्यांचा विश्वास होता, माणसांवर बेताचाच. त्या म्हणत, "माणूस दुखणं दाखवतो, नायतर लपवतो. उंदराला कुणाला दाखवायचं हाय?"

त्यांची खरी सवय मात्र हाताची होती. नळी बसवलेला उंदीर फडक्यात घ्यायचा, टेबलावर ठेवायचा आणि त्याच्या पाठीवर तळहात ठेवून गप्प बसायचं. दाबायचं नाही, कुरवाळायचं नाही, बोलायचं नाही. घाबरलेल्या उंदराचं पोट इतकं जोरात उडतं की बोटं मोजू शकत नाहीत. मावशी त्या पोटाकडे बघत बसत. कधी दहा मिनिटं, कधी वीस. मग सिरिंज धरलेल्याला त्या एवढंच म्हणत, "पोट हळू झालं. द्या आता." त्याआधी कुणी दट्ट्या दाबलेला त्यांना खपायचा नाही. डॉक्टरेट असलेले साहेब हातात सिरिंज घेऊन त्यांच्या परवानगीची वाट बघत उभे असायचे, आणि ही बाई भिंतीवरच्या घड्याळाकडे ढुंकून बघायची नाही.

कितीही वेळ थांबलं तरी काही उंदरांचं पोट हळू होत नसे. अशा उंदराचे मार्क लिहिताना मावशी तक्त्याच्या समासात एक टिंब काढत. विचारलं तर म्हणत, "हा भ्यालेला व्हता. दुखणं येगळं, भ्या येगळं. भ्यालेल्याचा मार्क खरा नसतोय." आम्ही हसायचो आणि सोडून द्यायचो.

मग ऑडिट आलं. तपासणीसांनी कागदावर बोट ठेवून मला विचारलं की ही टिंबं काय आहेत. आमच्या कामात कागदावर प्रत्येक खुणेला अर्थ लागतो, तो अर्थ कुठंतरी लिहिलेला लागतो आणि त्याखाली सही लागते. मावशींच्या टिंबाला यातलं काहीच नव्हतं. त्या संध्याकाळी मी त्यांना बोलावून सांगितलं की उद्यापासून टिंब काढायचं नाही. त्यांनी कारण विचारलं. मी म्हटलं, तक्त्यात तसा रकानाच नाही. त्या म्हणाल्या, मग रकाना करा. मी म्हटलं, बघू. माझ्या यादीत मी तो विषय लिहिला आणि त्याच्यापुढे 'नंतर' असा शेरा मारला.

टिंब बंद झालं. पुढच्याच पावसाळ्यात माझ्याकडून मोठी चूक झाली, आणि ती टिंबाच्याच वाटेनं आली. एका नव्या डायची चाचणी होती, दिवस कमी होते. मी वेळापत्रक केलं. प्रत्येक उंदराला पाच मिनिटं, दिवसाला बारा उंदीर. उंदीर गाडीतून आदल्याच दिवशी आलेले, नव्या पिंजऱ्यात, नव्या वासात. मावशींनी वेळापत्रक वाचलं आणि विचारलं, "हात ठेवायला येळ कुठंय ह्यात?" मी सांगितलं की या वेळी तेवढं जमवून घ्या. त्यांनी जमवून घेतलं. बाराही उंदरांना दोन आणि तीन मार्क पडले. त्यांतल्या चौघांना तर नुसतं मिठाचं पाणी दिलं होतं, जे मुळीच दुखत नाही. हे सिरिंजचे आकडे उघडले तेव्हा कळलं. ते मार्क दुखण्याचे नव्हतेच. चाचणी रद्द झाली. बारा जनावरं फुकट गेली आणि पुन्हा बारा आणावी लागली.

मावशी मला रागावतील असं वाटलं होतं. त्या पिंजरे पुसत होत्या. पुसता पुसता म्हणाल्या, "मॅडम, तुमची यादी लई चांगली असती. पण तिच्यात भ्यायला जागा नसती." त्यानंतर वीस मिनिटं वेळापत्रकात कायमची आली. टिंबाचा रकाना मात्र 'नंतर'मध्येच राहिला.

त्यांच्या पायाचं मला गणपतीच्या सुमारास कळलं. शुगर जुनी होती. डाव्या पायाच्या अंगठ्याला चप्पल लागून जखम झाली होती आणि ती दोन महिने भरत नव्हती. त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. पिंजऱ्यांच्या रांगेतून येताना त्या मधेच थांबायच्या, पाय किंचित उचलायच्या, पुन्हा ठेवायच्या. एकोणीस वर्षं त्यांच्याजवळ बसून मलाही थोडं बघायला आलं होतं. मी म्हटलं, "मावशी, दोन मार्क."

त्या दचकल्या. मग हसून म्हणाल्या, "अर्धा." ज्या बाईला अर्धा मार्क कधी चालला नाही, तिनं स्वतःला अर्धा दिला, तेव्हाच मी मनातून घाबरले.

डॉक्टरांनी सगळं स्पष्ट सांगितलं. पायाला रक्त कमी पोचतंय. कुठं अडलंय ते डाय सोडून बघावं लागेल. जागा कळली तर तार घालून शीर उघडता येईल, नाहीतर पाय घोट्यावर कापायचा की गुडघ्याखाली, एवढंच ठरवायचं उरेल. आणि किडनी आधीच अशक्त झाली आहे, त्यामुळे डाय अगदी मोजून, एकदाच. फोटो निघताना पाय हलता कामा नये. हलला तर फोटो पुसट येतो. पुन्हा डाय द्यायची ही किडनी नाही.

मावशींनी दोनदा तारीख घेतली आणि दोनदा चुकवली. एकदा संतोषची पाळी बदलली म्हणून, एकदा कसलंच कारण न देता. तिसऱ्या वेळी मी मुकुंदवाडीला त्यांच्या घरी गेले आणि त्यांना रिक्षात बसवून आणलं. वाटेत त्या बाहेर बघत होत्या. सेव्हन हिलच्या पुलावर म्हणाल्या, "तुमी आल्या नसत्या तर मी आजबी आले नसते." मी फाईल घट्ट धरली.

तर बाक, सव्वाआठ, सही नाही.

संतोष आईला समजावत होता की आजकाल काही दुखत नाही, कंपनीतल्या एकाच्या वडलांची झाली, ते तर आत गप्पा मारत होते. मावशी ऐकत होत्या. मग त्यांनी त्याला चहा प्यायला पाठवलं. तो खाली गेल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मॅडम, दुखायचं भ्या नाय मला. पाय हलंल, त्याचं भ्या हाय."

मी म्हटलं, तुम्ही मनात आणलं तर नाही हलणार.

"त्ये मनावर नसतंय. मी बघितलंय ना. उंदीर पाय वढत नाय. पाय आपोआप वढला जातोय. हजारानं बघितलेत मी. एकालाबी धरून ठेवता आला नाय."

आमच्या कपाटातल्या सगळ्या फायली त्यांच्याच बाजूनं होत्या. ज्या जातीचं औषध आत ट्रेवर ठेवलेलं होतं, त्या जातीच्या औषधांचे मार्क मला पाठ होते. जुन्यांपेक्षा कितीतरी कमी, पण शून्य नाही. शून्य आलेलं औषध मी आजवर पाहिलेलं नाही. मी हे त्यांना सांगितलं नाही. त्यांनाही ते पाठ होतं.

त्यांनी सही केली. दहावीच्या वेळची, सुट्या अक्षरांची सही, पूर्ण नाव. शेवटच्या अक्षराशी पेन क्षणभर अडलं.

साडेआठला आतल्या तयारीच्या खोलीत घेतलं. मला सोबत येऊ दिलं. मावशी हिरव्या गाऊनमध्ये स्ट्रेचरवर आडव्या, हाताला सलाईन. एरवी अंगावर निळा ॲप्रन आणि डोक्याला टोपी असलेली बाई अचानक इतकी लहान दिसली की मी भिंतीकडे बघितलं. टेक्निशियन आला. हातात दिवसाची यादी. मावशींचं नाव पहिलं, खाली आणखी पाच. त्यानं स्ट्रेचरचा ब्रेक काढला. मावशींच्या गाऊनखाली पोट जोरजोरात वरखाली होत होतं.

मी म्हटलं, दहा मिनिटं थांबा.

तो चांगला माणूस होता. त्यानं यादी माझ्यासमोर धरली. "मॅडम, नऊच्या आत एक पेशंट व्हायलाच पाहिजे. डॉक्टर आलेत. बघा ना, कुठं बसवू दहा मिनिटं?" मी ती यादी पाहिली. वेळा नीट, नावं नीट, खाडाखोड नाही. थेट माझ्याच हातची वाटावी अशी. दहा मिनिटांना तिच्यात कुठंच जागा नव्हती.

मी त्याला सांगितलं की ही बाई आत्ता आत नेलीत तर ती हलणार, फोटो जाणार, आणि दुसऱ्यांदा डाय द्यायची हिची किडनी नाही. मग तुमच्या यादीतले सगळेच मागे पडतील. हे मी आवाज न चढवता सांगितलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मावशींकडे पाहिलं, ब्रेक पुन्हा लावला आणि डॉक्टरांना सांगायला गेला.

मी मावशींच्या खांद्यावर तळहात ठेवला. दाबला नाही, कुरवाळला नाही. बोलले नाही. बोलायचं खूप येत होतं तोंडावर, लेक पोचतेय, सगळं ठीक होईल, असलं काहीतरी. ते गिळलं. त्यांनी डोळे मिटले होते. माझा हात कशासाठी आहे ते त्यांना कळलं असणारच, त्यांचीच विद्या होती ती. पहिली चार-पाच मिनिटं काहीच बदललं नाही. मला वाटलं, हे पोट हळू होणार नाही, हिला टिंबच पडणार. बाहेर कुणाचा तरी मोबाईल वाजून बंद झाला. मी घड्याळाकडे बघितलं नाही. बघायचं नाही हे मला माहीत होतं. मग केव्हातरी एक श्वास लांब गेला. त्याच्यामागून दुसरा.

टेक्निशियन दारात उभा होता. मी म्हटलं, "पोट हळू झालं. न्या आता."

दार बंद झालं. बाकावर आता संतोष होता, आणि लासूर स्टेशनहून आलेली त्याची बहीण, हातात डबा. डब्यात काय आहे कुणी विचारलं नाही. संतोष मला म्हणाला, "मॅडम, तुमचं तर कामच हे हाय. खरं सांगा, लई दुखतंय का वो?" मी फाईल उघडली, बंद केली. म्हटलं, पूर्वीपेक्षा कमी. तो मान हलवून भिंतीकडे बघत बसला. माझं लक्ष सगळं दाराकडे. आत ओरडणं ऐकू येईल म्हणून मी कान देत होते आणि ते ऐकू येऊ नये म्हणून काहीतरी मोजत होते. फरशा मोजल्या. नऊ रांगा. पुन्हा मोजल्या. आतून एकदा मोठ्यानं आलं, "हलू नका, आजी, अजिबात हलू नका," आणि मग काहीच नाही. बहिणीनं माझं मनगट धरलं. ती मला ओळखतही नव्हती.

डॉक्टर बाहेर आले ते मास्क खाली ओढत. फोटो स्वच्छ आला होता. एकाच डोसमध्ये. गुडघ्याखाली दोन ठिकाणी अडलं होतं आणि दोन्ही जागा उघडण्यासारख्या होत्या. जाताना ते म्हणाले, "पेशंट दगडासारखी पडून होती. असं कोणी राहत नाही."

दुपारी वॉर्डात मावशी जाग्या होत्या. पाय सरळ, हलवायची मनाई. मी त्यांना काही विचारलं नाही. त्यांनीच माझी सकाळची यादी मागितली आणि पेन मागितलं. 'संमतीपत्रावर सही'पुढे मी 'हो' लिहिलं होतं. त्याच्या खाली त्यांनी एक आकडा लिहिला: १. मग समासात टिंब काढायला लागल्या. पेन टेकवून गोल गोल फिरवत राहिल्या, टिंब मोठं होत गेलं, शेवटी कागद फाटला.

"हे कुठं लिवायचं असतंय, ते सांगा आता," त्या म्हणाल्या, आणि उशीवर मान टाकली.

पाय वाचला. एक अंगठा गेला. नोकरीत परत येणं शक्य नव्हतं, दिवसभर पिंजऱ्यांमधून फिरायचं काम. डिसेंबरात लेकीनं त्यांना लासूर स्टेशनला न्यायचं ठरवलं. मुकुंदवाडीच्या त्या छोट्या फलाटावर मी सोडायला गेले. सामान कमी, दोन पिशव्या आणि एक घडीची खुर्ची. गाडीला वेळ होता. मावशी खुर्चीवर बसून माझ्याकडून कामाचा हिशेब घेत होत्या. त्यांच्या जागेवर कोण बसते, ती हात ठेवते का, घड्याळाकडे बघते का. मी म्हटलं, घड्याळाकडे बघते ती. त्या म्हणाल्या, सुरवातीला बघतातच. मग गाडी दिसली तशी उठता उठता म्हणाल्या, "रकाना तेवढा करा मॅडम. मी बघायला येत नाय. पण करा."

मी हो म्हटलं.

त्यानंतर तो विषय मी दोनदा समितीपुढे ठेवला. समितीला रकान्याची हरकत नाही. त्यांचं म्हणणं बरोबर आहे, की आधी व्याख्या पाहिजे. भ्यालेलं म्हणजे काय, कशावरून ओळखायचं, टिंब कधी काढायचं आणि कधी नाही. अर्धं पान पुरेल. माझ्याइतक्या नेटक्या कागदपत्रांची कुणाला सवय नाही, म्हणून ते काम माझ्याकडेच दिलंय.

मी अनेकदा लिहायला बसले. "जनावराचं पोट" एवढं लिहून होतं. पुढचं लिहिताना डोळ्यांसमोर हिरवा गाऊन आणि ते फाटलेलं टिंब येतं आणि कळत नाही, की ते पोट हळू झालं तेव्हा भीती गेली होती, की फक्त माझ्यासाठी त्यांनी ते हळू केलं होतं. उंदीर लपवत नाही. माणूस लपवतो, हे त्यांनीच सांगितलं होतं.

येत्या सोमवारी नवे उंदीर येणार आहेत. यादी तयार आहे. पिंजरे, खाद्य, पाणी, सिरिंज, वीस-वीस मिनिटं, सगळ्यापुढे खूण झाली आहे. क्रमांक सहा: समासातलं टिंब, व्याख्या लिहिणे. त्याच्यापुढची जागा कोरी आहे.